मानवाच्या उत्क्रांतीचे जीवाश्म: पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण तीन प्रकारची माणसं विचारतात. दहावीच्या मुलांचे पालक, मानववंशशास्त्र हा वैकल्पिक विषय घेऊन अभ्यासिकेत बसलेले परीक्षार्थी, आणि नदीकाठी सापडलेलं हाड पिशवीत घालून आणणारी हौशी मंडळी. तिघांनाही आधी एकच उलटप्रश्न विचारावा लागतो: ते कुठल्या थरात होतं? खालची बरीच उत्तरं या प्रश्नाभोवतीच फिरतात.

हाडाचा दगड होतो म्हणजे नेमकं काय होतं?

ताज्या हाडात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं आणि कॅल्शियम फॉस्फेटची खनिजं असतात. मेलेला प्राणी लवकर गाळाखाली गेला, तर प्रथिन हळूहळू नाहीसं होतं. भूजलातून आलेला चुना, सिलिका किंवा लोह हाडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत बसतं. आकार तोच राहतो, वजन वाढतं, रंग आजूबाजूच्या मातीप्रमाणे बदलतो.

असं भाग्य फार थोड्या हाडांना लाभतं. बाकीची तरस फोडतात, उन्हात तडकतात किंवा आम्लधर्मी मातीत विरघळतात. दात सगळ्यात जास्त टिकतात, कारण दातावरचं एनॅमल जवळजवळ पूर्णपणे खनिजच असतं. म्हणून आपल्या कित्येक प्राचीन नातेवाइकांची ओळख जबड्याचा तुकडा आणि चार दाढा एवढीच आहे. हे हसण्यावारी नेऊ नका. दाढेवरच्या एनॅमलची जाडी, झीज आणि उंचवट्यांचा आकार यांवरून आहार, वय आणि नातं अशा तिन्ही गोष्टींचा अंदाज येतो.

माणूस माकडापासून झाला का?

आजच्या कुठल्याही माकडापासून नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी, काहींच्या मते त्याही आधी, वाटा फुटल्या. तो पूर्वज आजच्या चिंपांझीसारखा हुबेहूब होता असंही नाही, कारण तेवढीच वर्षं चिंपांझीही बदलत आला आहे. ‘मग आजची माकडं माणूस का होत नाहीत’ या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं: चुलतभाऊ आपला आजोबा नसतो.

लाख आणि दशलक्ष वर्षं डोक्यात बसत नाहीत. काही युक्ती?

एक मीटर म्हणजे एक हजार वर्षं धरा आणि स्वारगेटहून कात्रजच्या दिशेने मागे चालत जा. शिवराज्याभिषेक पहिल्या पावलाच्या आतच, ३५ सेंटीमीटरवर. इनामगावची शेतकरी वस्ती साडेतीन मीटरवर. आपल्या जातीच्या, म्हणजे होमो सेपियन्सच्या, सर्वात जुन्या कवट्या ३०० मीटरवर. लूसी, म्हणजे इथिओपियात मिळालेला दोन पायांवर चालणाऱ्या मादीचा प्रसिद्ध सांगाडा, तीन किलोमीटरच्या थोडं पुढे, आणि सर्वात जुना पूर्वज असल्याचा दावेदार सात किलोमीटरवर, म्हणजे कात्रजच्या आसपास. डायनासोर बघायचे असतील तर ६६ किलोमीटर जावं लागेल. माणूस आणि डायनासोर एकत्र दाखवणाऱ्या चित्रांचा निकाल इथेच लागतो.

सर्वात जुना पूर्वज कोण?

‘पूर्वज’ म्हणण्यापेक्षा ‘दावेदार’ म्हणणं बरं. २००१ साली आफ्रिकेतल्या चाड देशात, जुराबच्या वाळवंटात एक कवटी मिळाली. तिचं शास्त्रीय नाव साहेलान्थ्रोपस चाडेन्सिस, लाडकं नाव तुमाई. वय सुमारे ७० लाख वर्षं, मेंदू चिंपांझीएवढाच, पण सुळे लहान. अडचण अशी की कवटी वाळवंटाच्या पृष्ठभागावर मोकळी पडलेली मिळाली. तिचं वय जवळच्या थरांवरून आणि तिथल्या प्राण्यांच्या जीवाश्मांवरून काढावं लागलं, त्यामुळे टीकाकारांना बोट ठेवायला जागा राहिली. तिच्यासोबत मिळालेलं मांडीचं हाड दोन पायांवर चालणाऱ्याचं आहे की नाही, यावरही वाद आहे.

त्यानंतर केनियातला ओरोरिन, सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीचा. मग इथिओपियातली ‘आर्डी’ म्हणजे आर्डिपिथेकस रॅमिडस, ४४ लाख वर्षांपूर्वीची. आर्डीची हाडं १९९४ पासून मिळू लागली आणि सविस्तर अहवाल आला २००९ साली. पंधरा वर्षं का लागली? हाडं इतकी ठिसूळ आणि चिरडलेली होती की हात लावताच भुगा व्हायचा. आर्डीच्या पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला वळलेला आहे, म्हणजे फांदी पकडता यायची. पण कंबरेच्या हाडाचा वरचा भाग रुंद आणि आखूड आहे, तो उभं चालण्याकडे झुकतो. झाडावर एक पाय, जमिनीवर एक पाय.

दोन पायांवर चालत होता हे नुसत्या हाडांवरून कसं कळतं?

हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, कारण माणसाच्या वाटेवर मेंदू आधी मोठा झाला नाही, चाल आधी बदलली. बघायच्या जागा अशा:

कवटीच्या तळाशी एक मोठं छिद्र असतं, त्यातून मज्जारज्जू खाली जातो. चारपायी प्राण्यात ते मागच्या बाजूला असतं, कारण डोकं मणक्याच्या पुढे लटकतं. उभं चालणाऱ्यात ते तळाच्या मध्याकडे सरकतं. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई तो तोलते, तसं आपलं डोकं मणक्यावर तोललेलं असतं. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंग इथे सापडलेल्या लहान मुलाच्या कवटीत रेमंड डार्ट यांना हेच दिसलं. त्यांनी १९२५ साली ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस हे नाव जाहीर केलं, आणि जाणत्या मंडळींनी पुढची वीसेक वर्षं त्यांना फारसं मनावर घेतलं नाही.

कंबरेचं हाड चिंपांझीत उंच आणि चपटं असतं, आपल्यात आखूड आणि परातीसारखं पसरट. एका पायावर भार असताना शरीर कलू न देणारे स्नायू त्याच्या बाजूला धरलेले असतात.

मांडीचं हाड गुडघ्याकडे येताना आत झुकतं, त्यामुळे पावलं शरीराच्या मध्यरेषेखाली पडतात. चिंपांझीत ते सरळ उतरतं, म्हणून तो दोन पायांवर चालला तर डुलत चालतो. गुडघ्याचं एकच टोक हातात असलं तरी हा कोन मोजता येतो.

पायाचा अंगठा इतर बोटांच्या रांगेत आला का, तळव्याला कमान आहे का, हे शेवटी. यासाठी टांझानियातल्या लेटोलीचा पुरावा सर्वात बोलका आहे. ज्वालामुखीची राख पडली, ती ओली झाली, तिच्यावरून कोणीतरी चालत गेलं, आणि राख सिमेंटसारखी घट्ट झाली. १९७८ साली मेरी लीकी यांच्या पथकाने ती पावलं उघडी केली. सुमारे ३६.६ लाख वर्षांपूर्वीची ही वाट जवळपास २७ मीटर लांब आहे. टाच आधी टेकली, अंगठ्याने शेवटी रेटा दिला, हे ठशाच्या खोलीवरून दिसतं. इथे हाडाचा वादच नाही, चालच गोठून राहिली आहे.

लूसीचा ४० टक्के सांगाडा मिळाला म्हणतात, ते खरं का?

खरं, पण हिशोब समजून घ्या. २४ नोव्हेंबर १९७४ रोजी इथिओपियात हडार इथे डोनाल्ड जोहान्सन आणि टॉम ग्रे यांना ती सापडली. ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस, वय सुमारे ३२ लाख वर्षं, उंची जेमतेम साडेतीन फूट. ४० टक्के हा आकडा हातापायांची बारीक हाडं सोडून काढलेला आहे. ती धरली तर टक्का बराच खाली येतो. तरीही तिचं मोल कमी होत नाही, कारण तिच्यात एकही हाड दुबार नाही. दोन उजवे कोपर निघाले असते तर दोन व्यक्तींची सरमिसळ आहे असं म्हणावं लागलं असतं. अक्कलदाढ आलेली आहे, म्हणजे उंची कमी असली तरी ती प्रौढ होती.

मेंदूचं आकारमान कसं मोजतात?

पूर्वी कवटीची बाकीची छिद्रं कापसाने बुजवून आत मोहरीसारखं बारीक बी भरायचे आणि ते मोजपात्रात ओतायचे. चूक कुठे होते ते घरी करून बघा: एकाच बरणीत मोहरी एकदा नुसती ओता आणि एकदा ठोकून ठोकून भरा. दोन्ही वेळचा फरक लगेच दिसेल. मोजणाऱ्याच्या मनात आधीच आकडा असेल तर ठोकणंही कमीजास्त होतं. आता सीटी स्कॅन करून आतली पोकळी संगणकावर मोजतात. चेपलेल्या कवटीचे तुकडेही पडद्यावर वेगळे करून जुळवता येतात.

आकडे लक्षात ठेवायला दुधाची पिशवी बरी. लूसीच्या जातीचा मेंदू चितळ्यांच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीच्या आतबाहेर. होमो इरेक्टसचा, म्हणजे आपल्याआधीच्या एका मानवजातीचा, सुमारे ५५० पासून १२०० घनसेंटीमीटरपर्यंत. आपली सरासरी साधारण १३५०. निअँडरथलची, म्हणजे युरोपातल्या आपल्या नामशेष चुलतजातीची, आपल्याइतकी किंवा किंचित जास्तच. तेव्हा ‘मोठा मेंदू म्हणून आपण जिंकलो’ हे वाक्य निबंधात लिहू नका.

एवढं जुनं वय ठरवतात कसं? कार्बन डेटिंगने ना?

नाही. ही सर्वात जास्त वेळा होणारी चूक. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतका कार्बन-१४ उरतच नाही. लूसीला कार्बन लावणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर उसाची बैलगाडी चढवणं.

लाखो वर्षांसाठी बहुतेक वेळा हाडाचं वय काढतच नाहीत, थराचं काढतात. पूर्व आफ्रिकेत ज्वालामुखींनी वेळोवेळी राख टाकली. राखेतल्या स्फटिकांत पोटॅशियम असतं. त्याचा एक प्रकार, पोटॅशियम-४०, अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं, हळूहळू अरगॉन वायूत बदलतो. उद्रेकाच्या उष्णतेत जुना अरगॉन निघून गेलेला असतो, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. हाडाच्या खालची राख ३४ लाख वर्षांची आणि वरची ३१ लाखांची निघाली, तर हाड त्या दोघांच्या मधलं. आता पोटॅशियमऐवजी दोन्ही मोजमापं अरगॉनचीच घेतात आणि एकेक स्फटिक लेझरने तापवतात, त्यामुळे मागून मिसळलेला जुना कण ओळखू येतो.

राख नसेल तर? गाळातल्या कणांनी जपलेली चुंबकीय दिशा बघतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं उलटलं सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी. थर उलट दिशेचा असेल तर तो त्याहून जुना. गुहेतल्या चुन्याच्या थरांसाठी युरेनियमची पद्धत, साधारण पाच लाख वर्षांपर्यंत. वाळूच्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं हे प्रकाशदीप्तीने कळतं. त्यासाठी पोलादी नळी थरात ठोकून, टोकं झाकून, नमुना अंधारातच प्रयोगशाळेत नेतात. नळीत उजेड शिरला तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं आणि नमुना वाया जातो.

बोरीच्या राखेचं वय १४ लाख वर्षं की ७५ हजार?

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी आहे. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीची राख आहे आणि तिच्या सोबतीने अश्यूलियन पद्धतीची दगडी हत्यारं, म्हणजे हातकुऱ्हाडी वगैरे, मिळतात. कऱ्हेच्या काठी मोरगावलाही राख आणि हत्यारं आहेत. मयूरेश्वराच्या दर्शनाला गेलेल्या बहुतेकांना याची कल्पना नसते.

राख स्थानिक नाही. सह्याद्रीचे ज्वालामुखी ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच थंड झाले. ही राख हजारो किलोमीटरवरच्या सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीकडून आली असावी. टोबाचे उद्रेक मात्र अनेक झाले, आणि घोळ तिथे आहे. १९८९ साली पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने सुमारे १४ लाख वर्षं वय जाहीर झालं. १९९५ साली अरगॉन-अरगॉनने सुमारे ६.७ लाख. त्याच सुमारास राखेच्या काचेची रासायनिक घडण तपासणाऱ्यांनी ती टोबाच्या शेवटच्या, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली.

इतका फरक का? एक म्हणजे ज्वालामुखी काच पाणी शोषते आणि तिच्यातलं पोटॅशियम हलतं. दुसरं, नदीने राख उचलून पुन्हा टाकली असेल तर तिच्यात आजूबाजूचे जुने कण मिसळतात. सह्याद्रीच्या दगडाचा इवलासा कणही कोट्यवधी वर्षं जुना असल्याने सरासरी वय भलतंच वर ओढतो. तिसरं, हत्यारं आणि राख यांचा संबंध: खोल झालेल्या पात्रात नंतरची राख येऊन बसली, तर ती शेजारच्या हत्यारांहून खूप तरुण असू शकते. परीक्षेत बोरीवर लिहायचं तर तिन्ही आकडे आणि ही कारणं लिहा. एकच आकडा ठोकून देणाऱ्या नोट्सवर भरवसा ठेवू नका.

मग पुणे जिल्ह्यात ही हत्यारं घडवणाऱ्या माणसाचं एखादं हाड का नाही?

पायाखालचा काळा पाषाण लाव्हाचा आहे. त्यात हाड टिकण्याचा प्रश्नच नाही, शिवाय तो माणसापेक्षा कैक पटींनी जुना. उरतो तो नद्यांचा गाळ. इकडच्या नद्या बऱ्याच ठिकाणी खडकातूनच वाहतात, गाळाचे जुने थर तुकड्यातुकड्याने उरलेत आणि पुराने पुन्हापुन्हा उलथले गेलेत. दगडी हत्यार अशा प्रवासात टिकतं, बरगडी टिकत नाही. शिवाय एक माणूस आयुष्यात शेकड्याने हत्यारं घडवून टाकतो, कवटी मात्र एकच मागे ठेवतो.

घोड नदीकाठच्या इनामगावला मिळालेले सांगाडे वेगळे. ते सुमारे तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे, म्हणजे सर्वार्थाने आपल्यासारख्याच माणसांचे. घराच्या जमिनीखाली मडक्यात पुरलेली लहान मुलं तिथेच मिळाली. त्यांना ‘आदिमानव’ म्हणू नका.

भारतात एकही जुनं मानवी हाड नाही का?

आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना कवटीचा उजवा अर्धा भाग मिळाला. आधी तो होमो इरेक्टसचा म्हणून जाहीर झाला, नंतर बऱ्याच अभ्यासकांनी त्याला अधिक विकसित, पण आपल्याहून वेगळ्या मानवाकडे सरकवलं. चेहरा नाही, दात नाहीत, आणि नदीच्या भरड गाळातून मिळाल्याने वयावर एकमत नाही.

हत्यारांचा पुरावा याहून पुष्कळ मागे जातो. तमिळनाडूतल्या अत्तिरंपाक्कमची हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांची आहेत, हे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलं. कर्नाटकातल्या हुणसगी खोऱ्यातलं इसामपूर, जिथे डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी काम केलं, तिथला आकडा सुमारे १२ लाखांचा आहे. घडवणारे कोण होते हे हाडाशिवाय ठामपणे सांगता येत नाही. इतक्या जुन्या काळासाठी बहुतेकांचा कौल होमो इरेक्टसकडे.

नोट्समध्ये ‘रामापिथेकस हा पहिला मानवसदृश पूर्वज’ असं आहे. पाठ करू का?

नका करू. ही माहिती चाळीसेक वर्षांपूर्वी बाद झाली, पण एका झेरॉक्सवरून दुसऱ्या झेरॉक्सवर अजून उतरते आहे.

घडलं असं. १९३२ साली जी. एडवर्ड लुईस यांना शिवालिक टेकड्यांत, आजच्या हिमाचलातल्या हरितल्यांगरजवळ, वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. त्यांनी त्याला रामाचं नाव दिलं. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी त्याला मानवी वंशाच्या मुळाशी बसवलं. कारणं तीन: लहान सुळे, जाड एनॅमल आणि माणसासारखी कमानदार दंतपंक्ती. पण जबड्याचा मधला भाग हरवलेला होता. दोन बाजू किती अंशांनी उघडायच्या हे जुळवणाऱ्यानेच ठरवलेलं. कमान हाडात नव्हती, अपेक्षेत होती.

१९६७ साली व्हिन्सेंट सॅरिच आणि अॅलन विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून माणूस आणि चिंपांझी सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले असं दाखवलं. मग सव्वा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याला आपला खास पूर्वज कसं म्हणायचं? शेवटचा घाव पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर मिळालेल्या शिवापिथेकस या प्राचीन वानराच्या चेहऱ्याने घातला, तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालचं हाड, सगळं ओरांगउटानच्या वळणाचं. रामापिथेकसचे नमुने आता शिवापिथेकसमध्येच धरतात, बहुधा लहान चणीच्या माद्या म्हणून. आपली मतं मागे घेणाऱ्यांत खुद्द पिलबीम होते, हे इथे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

होमो हा वंश कुठून सुरू होतो?

सीमारेषा पुसट आहे. इथिओपियातल्या लेडी-गेरारूचा २८ लाख वर्षांपूर्वीचा जबडा, प्रसिद्धी २०१५, सध्या सर्वात जुना मानला जातो. होमो हॅबिलिस हे नाव १९६४ साली टांझानियातल्या ओल्डुवाईच्या जीवाश्मांना दिलं गेलं. होमो इरेक्टसचा पहिला नमुना यूजीन द्युब्वा यांनी १८९१ साली जावा बेटावर ट्रिनिल इथे मिळवला. पुढच्या वर्षी तिथेच मिळालेलं मांडीचं हाड इतकं आधुनिक दिसतं की ते वरच्या, तरुण थरातून घसरलं असावं अशी शंका आहे. पुन्हा थरच.

इरेक्टसचं शरीर कसं होतं हे कळलं १९८४ साली, केनियात तुर्काना सरोवराजवळ कामोया किमेऊ यांना दिसलेल्या मुलामुळे. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा हा मुलगा दातांवरून आठ-नऊ वर्षांचा, पण उंची आजच्या वाढत्या किशोराची. जॉर्जियातल्या द्मानिसीच्या पाच कवट्या, सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या, परीक्षार्थींनी जरूर बघाव्यात. एकाच ठिकाणच्या पाचजणांत इतका फरक आहे की त्या वेगवेगळ्या देशांत मिळाल्या असत्या तर तीन-चार जातींची नावं सहज पडली असती. त्यातल्या एका म्हाताऱ्याचा एक दात सोडला तर सगळे दात मरणाच्या कितीतरी आधी पडलेले, हिरड्यांची हाडं भरून आलेली. तरी तो जगत राहिला.

एका वेळी एकच मानवजात होती ना?

उलट, आजचा एकटेपणाच अपवाद आहे. तीन लाख वर्षांपूर्वी मोरोक्कोत जेबेल इरहुदला आपल्या जातीची सुरुवातीची माणसं होती, युरोपात निअँडरथल, आशियात निअँडरथलचे नातलग डेनिसोवन, आणि दक्षिण आफ्रिकेत संत्र्याएवढ्या मेंदूचा होमो नालेदी. नालेदीची दीड हजारांहून जास्त हाडं २०१३ पासून रायझिंग स्टार गुहेत मिळाली. आत जाण्याची फट एका ठिकाणी वीतभरच रुंद, म्हणून उतरण्यासाठी सडपातळ बांध्याच्या संशोधक निवडाव्या लागल्या.

इंडोनेशियात फ्लोरेस बेटावरची जेमतेम एक मीटर उंचीची जात २००३ साली मिळाली. ती हाडं दगड झालेलीच नव्हती, ओल्या टीपकागदासारखी मऊ होती. जागेवर वाळवून, घट्ट करूनच ती उचलता आली.

आपल्यात निअँडरथलचा अंश आहे म्हणतात. आपल्या मराठी माणसांतही?

हो. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांत साधारण एक ते दोन टक्के. हे २०१० साली स्वान्ते पेबो यांच्या गटाने निअँडरथलच्या जनुकसंचातून दाखवलं, त्यांना २०२२ चं नोबेल मिळालं. करोनाचा आजार गंभीर होण्याशी जोडलेला एक जनुकखंड निअँडरथलकडून आला आहे, आणि दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे त्याची किमान एक प्रत आहे.

लूसीचा डीएनए का काढत नाहीत? उरलेलाच नाही. मानवकुळातला सर्वात जुना डीएनए स्पेनमधल्या थंड गुहेतला, सुमारे ४.३ लाख वर्षांचा. उष्ण प्रदेशात तो फार लवकर तुटतो, म्हणून आपल्याकडच्या हाडांकडून मोठ्या अपेक्षा नकोत.

एखादा जीवाश्म बनावट निघाला आहे का?

पिल्टडाउन, इंग्लंड, १९१२. माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडलेला, दात कानशीने घासलेले, वर तपकिरी रंग. तो चाळीस वर्षं चालला, कारण ‘मेंदू आधी’ ही समजूत त्याने सुखावली. उघडा पाडला तो फ्लोरिनने: जमिनीतली हाडं भूजलातून फ्लोरिन शोषतात, त्यामुळे एकाच थरातल्या हाडांत ते सारखंच हवं. इथे जुळेना. १९५३ साली प्रकरण संपलं.

नदीकाठी किंवा इमारतीच्या पायाच्या खोदकामात हाड दिसलं तर काय करावं?

उपटू नका. बाकी सगळं यानंतर.

माणसाचं आणि ताजं वाटत असेल तर आधी पोलीस चौकी. नसेल तर मोबाइलमध्ये स्थान नोंदवा आणि तीन फोटो काढा: लांबून पूर्ण दरड, मधून थर दिसतील असा, आणि जवळून, शेजारी पट्टी किंवा दहाचं नाणं ठेवून. हाड जमिनीपासून किती उंचीवर आणि दरडीच्या माथ्यापासून किती खाली आहे ते मोजून लिहा. मग डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. स्वतः खणायला जाऊ नका, उत्खननाला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो.

धुऊ नका. वाळलेलं हाड पाण्यात टाकलं की फुगून तडकतं, आणि चिकटलेली मातीच पुढे थर ओळखायला उपयोगी पडते. फेव्हिकॉल तर मुळीच लावू नका. तो पृष्ठभागावर साय धरतो, पुढे पिवळा पडतो, आणि त्याचा कार्बन तारीख काढताना आड येतो. जाणकार अॅसिटोनमध्ये पॅरालॉइड बी-७२ साधारण ५ टक्के विरघळवून थेंबाथेंबाने मुरवतात. हाड ओलं असेल तर हेही पांढरट धुकं धरतं, म्हणून आधी सावलीत वाळू देतात.

मोठं हाड प्लास्टरच्या कवचात उचलतात. भोवतीची माती कोरून हाड मातीच्या खांबावर ठेवायचं. वर ओल्या टिश्यू पेपरचे दोन-तीन थर दाबून बसवायचे. हा थर विसरला की प्लास्टर हाडालाच चिकटतं आणि काढताना हाडाची साल निघते. मग गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून आडव्याउभ्या गुंडाळायच्या. पाण्यात भुकटी भुरभुरायची, भुकटीत पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. कवच वाळलं की खांब खालून कापून एका झटक्यात उलटायचं. कवचावर दिशा, खोली आणि तारीख तेव्हाच लिहायची. उद्यावर ढकललं की ते राहतंच.

आणलेल्या वस्तू बहुतेक वेळा काय निघतात?

गायी-म्हशींचे दात. उंच, चौकोनी, वर चंद्रकोरीसारख्या एनॅमलच्या रेघा. माणसाची दाढ बुटकी आणि गोलसर उंचवट्यांची असते. त्याखालोखाल चुनखडीच्या गाठी, ज्या मुळांभोवती साचून हुबेहूब बोटाच्या हाडासारख्या दिसतात. मोडलेल्या कडेवर हाडाची जाळी दिसली नाही तर गाठच समजा.

‘हत्यारं’ बहुधा खडी क्रशरचे किंवा जेसीबीने उडालेले छिलके असतात. खऱ्या छिलक्यावर घाव बसला त्या बिंदूखाली हलका फुगवटा असतो, पण तो क्रशरच्या छिलक्यावरही येऊ शकतो. म्हणून रंग बघा: जुन्या बेसाल्टच्या सगळ्या बाजूंवर करडी-तांबूस साय चढलेली असते. आतून काळाकुट्ट ताजा दगड दिसला तर तो कालपरवाचा.

पुण्यात प्रत्यक्ष काय बघता येईल?

येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय. ह. धी. सांकलिया १९३९ साली इथे रुजू झाले आणि महाराष्ट्रातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. दगडी हत्यारं आणि इनामगावच्या वस्तू इथे आहेत. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. हातकुऱ्हाड बघताना तिची एक बाजू दुसरीशी किती जुळते ते पाहा, आणि कडेवरचे घाव मोजायचा प्रयत्न करा. साधारण विसाव्या घावानंतर आकडा चुकतो.